पाय घसरला नव्हता, बाई

बाई, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर रागावू नका. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती आणि चौथीनंतर माझ्या हातात पेन्सिलीऐवजी सुई आली. सुईनं मी सरळ रेघ मारते, पेन धरलं की ओळ खाली खाली जाते. अक्षर कसं आहे ते तुम्हाला माहीतच आहे. एकदा मी जाकिटाच्या कापडावर खडूनं मापं लिहिली होती, ती पाहून तुम्ही म्हणाला होतात, "सुमन, हे आकडे होय की मुंग्या?" हे कागद कोणाला दाखवायचे नाहीत, म्हणून धीर करते.

तुमच्या शाळेत शोकसभा झाली. मोठी माणसं बोलली. तुमचं गाव कोणतं, शिक्षण कुठं झालं, व्यायामशिक्षिका म्हणून कधी लागलात, सगळं सांगून झालं. मी मागच्या सतरंजीवर बसून ऐकत होते आणि मला वाटत होतं, हे कोणाबद्दल बोलून राहिले? कुस्तीच्या गादीवर माझ्या छातीवर आडव्या पडून, घामानं निथळत, "सूट ना वं, सूट! झोपली का?" म्हणून ओरडणाऱ्या बाई त्यात कुठंच नव्हत्या. आपल्या वर्गातल्या शालिनीनं मला कोपरानं ढोसलं. "तू बोल ना. तुझ्याएवढं कोणाले माहीत आहे?" मी सतरंजीचे पट्टे पाहत बसले.

मला बोलायचं आहे ते तुमच्याशीच. दवाखान्यात तुम्ही मला विचारलं होतं, "सुमन, वर्ग चालवशील ना? बंद नको पडू देऊ." मी तुमच्या उशाशी पेल्यात पाणी ओतत होते. ओतून झालं तरी मी पेल्याकडेच पाहत राहिले. तुम्ही पाणी प्यायलात, डोळे मिटलेत आणि पुन्हा विचारलं नाहीत. दोन दिवसांनी तुम्ही गेलात. अंगानं मी काहीही करीन, बाई. पण दहा पोरींसमोर उभं राहून, मोठ्या आवाजात, "असं करा, असं नका करू" म्हणायचं, हे माझ्याच्यानं कसं व्हावं? हो म्हणवलं नाही आणि नाहीही म्हणवलं नाही. ते उत्तर अजून माझ्याकडेच आहे. म्हणून लिहायला बसले. एका बैठकीत होत नाही. शिलाई आटोपली की थोडं थोडं लिहिते.

तुम्ही पहिल्यांदा दादाच्या घरी आलात तेव्हा मला वाटलं, ब्लाउज टाकायला आलात. तुम्ही पिशवीतून एक जाडजूड पांढरं जाकीट काढलंत. त्याला गुंडी नाही, काज नाही, खिसा नाही. "कलकत्त्याच्या शिबिरातून आणलं. ज्युदो शिकायचं जाकीट आहे. अशी सहा पाहिजेत. आणि फाटता कामा नये." मी कॉलर उलटून पाहिली. मांजरपाट दुहेरी घेऊ, कॉलरमध्ये चार पदर घालून बारीक शिलाई मारू, असं मी म्हटलं. तेवढंच बोलले असेन. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. तिनं विचारलं, "हे दवाखान्यातल्या पेशंटले घालाचं आहे का, बाई?"

"नाही, वहिनी. ज्याच्या अंगात घालीन त्याला पेशंट करायचं आहे."

वहिनी हसली नाही. तुम्ही गेल्यावर म्हणाली, "बाईमाणूस न कुस्ती! लोक काय म्हणतीन?"

पहिलं जाकीट तयार झालं तेव्हा तुम्ही ते माझ्याच अंगात, साडीवरून चढवलंत. दोन्ही मुठींत कॉलर धरलीत आणि मला ओढलंत. माझ्या टाचा उचलल्या गेल्या, घर फिरलं, मी डोळे मिटले. पण मी पडले नाही. तुम्ही मला जमिनीपासून वीतभर वर तसंच धरून ठेवलं होतं. शिवण उसवली नव्हती. तुम्ही आधी कॉलर पाहिलीत, मग माझ्याकडे पाहिलंत.

"घाबरली नाहीस?"

"घाबरली."

"मग ओरडली काहून नाहीस?"

सासर सोडून मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ओरडून काही होत नाही, एवढं मी तिथून शिकून आले होते. ते मी सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही. "उद्या सकाळी समाजभवनात ये, शिलाईचे पैसे तिथं देईन," म्हणालात. पैसे तुमच्या पर्समध्ये होते, मी पाहिले होते. हातावर ठेवले असते तर मी कधीच आले नसते. हे तुम्हाला त्या पहिल्या भेटीतच कसं कळलं, बाई?

तेव्हा समाजभवनात नुसती फरशी होती. गाद्या करायच्या म्हणून तुम्ही मला घेऊन अमरावती रोडवर वाडीला गेलात. तिथं ट्रकवाल्यांची गोदामं, आणि एका गोदामात जुन्या ताडपत्र्या विकणारे शेठ. तुम्ही काय करायचं आहे ते सांगितलंत तेव्हा ते हसायला लागले. "औरतें कुश्ती लड़ेंगी? मैडम, सुबह सुबह मज़ाक मत करो."

"शेठजी, हाथ दो."

त्यांनी हात पुढे केला आणि पुढच्या क्षणी ते आपल्याच ताडपत्र्यांच्या ढिगावर बसलेले होते. कसे बसले, ते त्यांना कळलं नाही, मलाही नाही. हमाल खो खो हसले. शेठ मनगट चोळत म्हणाले, "ले जाओ. पैसा बाद में देना." तेव्हापासून तुमची त्यांच्याकडे उधारी सुरू झाली ती कधी संपली नाही. थोडी फिटायची, तोवर जुनी ताडपत्री फाटायची आणि नवी यायची.

त्या गाद्या आम्ही बायांनीच शिवल्या. गिरणीतला टाकाऊ कापूस आत भरायचा, वरून ताडपत्री, आणि दाभणानं, मेण लावलेल्या दोऱ्यानं कडा ओवायच्या. तुमचे टाके सगळ्यांत वाईट होते. शालिनी तेव्हा कॉलेजात होती, तिच्या तोंडाला कुलूप नव्हतंच. ती म्हणाली, "बाई, तुमच्या ह्या कोपऱ्यावर कोणी पडलं तर अंगठा टाक्यात अडकन."

"मग तिथं पडू नका," तुम्ही म्हणालात.

तुम्ही आधी पडायला शिकवलंत. मला वाटलं होतं, पाडायला शिकवाल. पडताना हनुवटी छातीला लावायची आणि हातानं गादीवर जोरात थाप मारायची, म्हणजे धक्का हातात जिरतो. सगळ्यांच्या थापेचा आवाज समाजभवनाच्या पत्र्याला जाऊन लागायचा, माझ्या थापेचा आवाजच यायचा नाही. तुम्ही माझ्याजवळ उकिडव्या बसलात. "सुमन, गादीला लागेल म्हणून हळू मारून राहिली का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग तुम्ही माझ्याशेजारी आडव्या झालात आणि कितीतरी वेळ नुसत्या थापा मारत राहिलात, मी मारीपर्यंत. तुमचं वय तेव्हा चाळिशीच्या पुढं होतं. दुपारी शाळेत उभं राहून तास घ्यायचे होते. कोणाची एवढी थाप ऐकण्यासाठी कोण एवढा वेळ काढतं?

फेकाफेकीत मी बरी होते. उंची कमी, त्यामुळं खाली शिरायला सोपं. माझं अडायचं ते जमिनीवरच्या कुस्तीत. तिथं पाठीवर पडून वरच्या बाईच्या कमरेला पायांची मिठी मारायची, पायानंच तिला दूर ढकलायचं, पायानंच जवळ ओढायचं. "पाय म्हणजे इथं दुसरे दोन हात," तुम्ही सांगायच्या. पण आपल्याकडे कोणाला पाय लागला की हात आपोआप जातो. त्याला लावायचा आणि कपाळाशी न्यायचा. माझा पाय तुमच्या कमरेला लागला की माझा हात कॉलर सोडून तुमच्या अंगाला लागायचा आणि कपाळाकडे यायचा. तो कपाळापर्यंत पोचायच्या आत तुम्ही माझ्या छातीवर असायच्या.

"काय झालं?"

"पाय लागला, बाई."

"लागला नाही, तिथंच लावायचा आहे. मीच सांगितलं ना?"

"हो."

"मग हात काहून सोडला?"

"नमस्कार केला."

शालिनी कडेवरून ओरडली, "बाई, हिच्यासाठी गादीवर हळद-कुंकवाचं ताट ठेवा!"

मग तुम्ही तोडगा काढलात. वर्ग सुरू व्हायच्या आधी गादीच्या काठावर उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "घे, आज जेवढे पाय लागतील त्या सगळ्यांचा आत्ताच करून घे. आगाऊ." मी वाकून करायची. तुम्ही मोठ्या गंभीरपणे आशीर्वाद द्यायच्या, "अखंड पाय लागो." मुली पोट धरून हसायच्या. आणि गादीवर गेल्यावर पाय लागला की माझा हात पुन्हा जायचाच.

एक दिवस तुम्ही हसला नाहीत. मला दाबून धरलं होतं ते सोडलंत, उठून बसलात. "तू मला मान देत नाहीस, सुमन. तू सुटून जातेस. धरलेलं सोडायला तुला निमित्त पाहिजे, आणि नमस्कार हे फार चांगलं निमित्त आहे. कोणी नावं ठेवत नाही."

मी तुम्हाला पहिल्यांदाच उलट बोलले. "तुम्ही मोठ्या आहा. मोठ्या माणसाले पाय लावून जिंकण्यापेक्षा हरलेलं बरं."

"मोठी आहे म्हणूनच सांगते. मला मान द्यायचा असेल तर मला हरवायला झट. सोडून दिलेला डाव नको मला. भीक घातल्यासारखी वाटते."

मी जाकीट घडी करून ठेवलं आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. मशीनवर बसले होते तर वहिनी समोर येऊन उभी राहिली. "काहून वं, आज कुस्ती नाही?"

"नाही."

"बाईशी भांडली का?"

"नाही."

"मग जा ना. घरात बसून माह्या तोंडाकडे काय पाहून राहिली!"

लोक काय म्हणतील म्हणणारी ती वहिनी, बाई. तिनं मला हाकललं. त्याआधी सकाळी समाजभवनातून आल्यावर मी भाजी चिरताना गुणगुणायची म्हणे. मला त्याचा पत्ता नव्हता, तिला होता.

मी आले. तुम्ही गादीवर गुडघ्यांवर बसलात आणि हातानं "ये" केलंत. आगाऊ नमस्कार मागितला नाहीत, मीही केला नाही. तुम्ही मला लवकरच पाठीवर पाडलंत. मी पायांची मिठी मारली. तुमची कॉलर माझ्या मुठीत आली, मीच शिवलेली, आतले चारी पदर अंगठ्याखाली लागत होते. दुसरा हात आडवा दुसऱ्या कॉलरवर गेला. मग तुम्ही मिठी सोडवायला अंग फिरवलंत आणि माझं पाऊल तुमच्या खांद्यावर आलं. खांद्यावर, बाई, जवळजवळ मानेशी. माझी उजवी बोटं उघडायला लागली. मला ती उघडताना कळली. मी ती पुन्हा मिटली आणि कॉलर तुमच्या गळ्याशी आवळली.

तुमचा चेहरा लाल झाला. थाप मारून हार मानली की सोडायचं, हा गादीचा कायदा. तुम्ही थाप मारत नव्हत्या. शालिनी घाबरून म्हणाली, "बाई, मारा ना थाप!" मला रडू येत होतं. तुम्ही माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्या नजरेत स्पष्ट होतं की आत्ता दया करून सोडलंस तर याद राख. मी सोडलं नाही. मग माझ्या दंडावर तुमची थाप पडली.

मी उठले आणि तुमच्या दोन्ही पायांवर डोकं ठेवलं. तुम्ही खोकत होत्या. खोकल्यातच म्हणालात, "आता कर. आता घेते मी."

आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "काल माझा पाय घसरला."

"तुम्ही गुडघ्यावर होत्या न, बाई."

"गुडघ्यावरच्या माणसाचाही पाय घसरतो."

हा वाद आपला कधीच मिटला नाही. नवीन मुलगी आली आणि शालिनीनं तिला ती गोष्ट सांगायला घेतली की तुम्ही लांबून ओरडायच्या, "पाय घसरला होता, हे पण सांग!" आजारपणात अंगात ताकद नव्हती तेव्हाही एकदा छताकडे पाहत म्हणालात, "त्या दिवशी ती ताडपत्री नवीन होती, गुळगुळीत." मी काय त्याच कुस्तीचा विचार करत नव्हते, पण तुम्ही करत होत्या. मला त्याचा कधी राग आला नाही. तुमच्यासारखी बाई माझ्याकडून हरली आणि तिला ते पचायला एवढी वर्षं कमी पडली, ह्याच्याहून मोठा मान मला कोणी दिलेला नाही. पण पाय घसरला नव्हता, बाई. तुम्हालाही माहीत होतं.

तुम्हाला न सांगितलेली एक गोष्ट आहे. तुम्ही ती वर्गात सगळ्यांना सांगितली असती आणि मला तोंड लपवायला जागा राहिली नसती, म्हणून सांगितली नाही. त्या कुस्तीनंतर आलेल्या उन्हाळ्यात माझा नवरा आला होता. दादा घरातच होता, वहिनी पाणी घेऊन आली. त्यानं पाणी घेतलं नाही. "चल," म्हणाला आणि माझं मनगट धरलं. मी कोणताही डाव केला नाही. त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं हात फिरवला आणि सोडवून घेतला, अगदी पहिल्या महिन्यात तुम्ही शिकवायच्या तसा. मग म्हटलं, "मी येत नाही." माझा आवाज सगळ्या घरात ऐकू आला. दादा म्हणाला, "ऐकलं ना गा? नाही येत म्हणते ते." तो चपला घालून गेला. मी आत जाऊन ब्लाउजाची राहिलेली काजं केली. एकही काज चुकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गादीवर तुम्ही म्हणालात, "आज काय खाऊन आलीस? पकड सुटत नाही तुझी." मी म्हटलं, "पोहे."

मग आपलं असंच चालत राहिलं. मुली यायच्या, त्यांची लग्नं व्हायची, जायच्या. शालिनी शिक्षिका झाली, रविवारी नवऱ्याला सांगून यायची. मी रोज. तुमचं दुखणं सुरू झाल्यावर तुम्ही गादीच्या काठावर खुर्ची टाकून बसायला लागलात. तुम्ही बोलायच्या आणि मी करून दाखवायची. "तोंड मी, हात तू," म्हणायच्या. मला ते फार सोयीचं होतं. किती सोयीचं होतं ते तुम्ही गेल्यावर कळलं. तोंड गेलं आणि नुसते हात राहिले.

तेरवी झाल्यावर वर्ग बंदच होता. किल्ली माझ्याकडे होती. मी ती समाजभवनाच्या कमिटीला नेऊन देणार होते. पण त्याआधी वाडीच्या शेठचं पाहायला पाहिजे होतं, कारण तुम्ही आजारी पडायच्या थोडं आधीच सगळ्या गाद्यांना नव्या ताडपत्र्या घेतल्या होत्या आणि त्याच्या पैशातलं काही दिलेलं नव्हतं. मी एकटी बसनं गेले. शेठ आता म्हातारे झाले आहेत. तुमचं ऐकून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "वो पैसा छोड़ो, बहन. मैडम के नाम पे छोड़ दिया. बहुत इज़्ज़त थी हमको उनकी."

मी हात जोडले. मला हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू. उधारी संपली. आता किल्ली द्यायची, झालं. मी रस्त्यावर येऊन बसची वाट पाहत उभी राहिले. ट्रक जात होते, धूळ उडत होती. बस आली. मी चढले नाही.

शेठनं तुमचा मान ठेवला होता आणि मान ठेवून धरलेलं सोडलं होतं. ते चांगले आहेत, मनापासून बोलले. पण तुम्ही तिथं असत्या तर तुमच्या नाकपुड्या कशा फुगल्या असत्या ते मला दिसत होतं. आणि मीही तेच करत होते. तुमच्या आठवणीला हात जोडून किल्ली द्यायची आणि मोकळं व्हायचं, कोणी नावं ठेवली नसती. मी परत फिरले.

"शेठजी, नही."

"क्या नहीं?"

"छोडना नही. पूरा लेना."

ते हसले. "अरे, कहाँ से देगी?"

"फटी ताडपत्री दो. सी के देती. मेरी मजुरी उसमें काटो."

शेठनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या मनगटाकडे पाहिलं. हमालाला म्हणाले, "दे दे इसको. ये भी उसी मैडम की है."

आता ट्रकची ताडपत्री किती मोठी असते ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या खोलीत तिची घडीसुद्धा मावेना. वहिनी म्हणाली, "हे इथं पसरलं तर आमी सैपाक कुठं कराचा, ट्रकमंधी?" म्हणून मला समाजभवन उघडावं लागलं. गाद्या भिंतीकडे सरकवून मी मधोमध ताडपत्री पसरली आणि दाभण घेऊन बसले. सकाळी दार उघडं दिसलं म्हणून पोरी आल्या, एकीचं पाहून दुसरी. मला वाटलं, टाके घालायला मदत करायला आल्या. त्यांना वाटलं, वर्ग सुरू झाला. त्यांनी टाकेही घातले, तक्रार न करता, आणि ते आटोपल्यावर जाकिटं चढवून गाद्या पसरल्या. मी मान खाली घालून शिवतच होते. कोणी मला काही विचारलं नाही, मी काही बोलले नाही. तो दिवस तसा गेला, पुढचेही दोन-चार.

मग एक दिवस त्या नव्या माधुरीला कोणीतरी फेकलं आणि ती डोकं मागं टाकून पडायला लागली. "हनुवटी! हनुवटी छातीले लाव वं!" समाजभवनाचा पत्रा घुमला. माधुरीनं हनुवटी आत घेतली आणि नीट पडली. सगळ्या थांबल्या. मी मागं वळून पाहिलं, कोण ओरडलं म्हणून. मागं भिंत होती.

पोरी माझ्याकडे पाहत उभ्या होत्या. हसत नव्हत्या. पुढं काय, म्हणून पाहत होत्या. मी दाभण ताडपत्रीत खोचून ठेवला आणि उठले.

तुमच्यासारखं मला येत नाही, बाई. तुम्ही बोलायच्या तेव्हा मागच्या गल्लीतल्या गाई वळून पाहायच्या. माझा आवाज मध्येच बसतो, शब्द सापडत नाही, मग मी हातानं दाखवते. शालिनी रविवारी आली, काठावर बसून पाहत राहिली आणि म्हणाली, "सुमन, तू तर बाईंपेक्षा जास्त चिडते वं." मी म्हटलं, "तू जाकीट घाल आधी, मग बोल." ते माझ्या तोंडून कसं निघालं, मला कळलं नाही. ती मुकाट्यानं उठली आणि जाकीट घालायला गेली.

हे सगळं होईस्तोवर उन्हं तापायला लागली. सकाळी शिवण, मग वर्ग, मग घरची शिलाई, दुपारी पाठ धरते. रडू येतं ते बहुतेक गादी झाडताना येतं, का ते सांगता येत नाही. पोरी आल्या की थांबतं.

आज सकाळी शेवटच्या ताडपत्र्या सायकलरिक्षात घालून मी आणि माधुरी वाडीला गेलो. शेठनी एक ताडपत्री पसरली, एका कडेवर पाय देऊन उभे राहिले आणि दोन्ही हातांनी शिवण ओढली. शिवण हलली नाही. त्यांनी मजुरी धरली, पाहिलं तर अजून थोडे पैसे राहत होते. "इतना तो छोड़ दे, बहन. मिठाई समझ के." मी पदराची गाठ सोडली, घरच्या शिलाईचे आणले होते ते त्यांच्यासमोर ठेवले. ते घेईनात. मी ताडपत्र्यांच्या ढिगावर जाऊन बसले. माधुरीही माझ्याशेजारी बसली. हमाल कामं टाकून पाहायला लागले. शेठ हसले, डोळे पुसले, आणि पैसे उचलून गल्ल्यात टाकले.

गादीचे पैसे फिटले, बाई. पूर्ण. कोणी काही सोडलं नाही.